पेनाचा कल्ला

करंजात पेनड्राइव्हला ‘पेन’ म्हणतात. ‘पेन आणलास का?’ असं कुणी विचारलं म्हणून खिशाचं बॉलपेन काढून पुढे केलंत, तर समोरचा तुमच्याकडे शहरात राहून वाया गेलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो. पेन म्हणजे ज्यात गाणी असतात तो. आणि मे महिन्यातला पेन म्हणजे ज्यात हळदीची गाणी असतात तो. आगरी-कोळ्यांकडे लग्न हा विधी असतो, हळद हा कार्यक्रम असतो. लग्नात काही चुकलंमाकलं तर भटजी निभावून नेतात. हळदीला डीजेच्या हातात वेळेवर पेन पडला नाही तर तिथे कुठलाही भटजी उपयोगाचा नाही.

माझं आजोळ करंजाचं. मी स्वतः पनवेलला एका ऑफिसात हिशेब लिहितो. ऑफिसात माझ्या टेबलावर कंप्युटर आहे, एवढ्या पुराव्यावर आजोळच्या लोकांनी मला ‘कंप्युटरमधला’ ठरवून टाकलेलं आहे. पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला कायद्याचा सल्ला विचारावा, तसं मला आजवर वायफाय, वॉशिंग मशीन, ऑनलाइन सात-बारा आणि एकदा बोटीवरच्या जीपीएसबद्दलही विचारून झालेलं आहे. जीपीएसच्या वेळी मी नुसतं ‘बंद करून परत चालू करा’ म्हणालो आणि ते चालू झालं. तिथेच माझं नशीब फुटलं.

तर एका गुरुवारी रात्री मामाचा फोन. शनिवारी धाकट्या मामेभावाची हळद होती.

“भाच्या, पेन आजारी हाय.”

“म्हणजे काय झालंय?”

“गान्यांची नावा दिसतान. गाना वाजत नाय.”

शुक्रवारी रजा टाकून निघालो. २०२४च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल येते हे खरं, पण पनवेलकराने ती पकडायची तर आधी बेलापूर गाठायचं. म्हणजे उजव्या हाताने डोक्यावरून वळसा घालून डावा कान धरायचा. त्यापेक्षा दुचाकी बरी, असं मला दर वेळी वाटतं आणि दर वेळी मी जेएनपीटीच्या कंटेनरमागे उभा राहून पस्तावतो. हे बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरण तालुक्यातला माणूस जन्मला की आधी ‘आई’ म्हणतो आणि मग ‘ट्रेलर’.

उरण मागे पडलं की समोर द्रोणागिरीचा डोंगर येतो आणि त्याच्या पायथ्याला, खाडीच्या तोंडाशी, करंजा. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या हनुमंताला वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलला आणि नेता नेता त्याचा एक तुकडा इथे पडला, तो हा डोंगर, असं इथले लोक सांगतात. लहानपणी मला ही गोष्ट भक्तीची वाटायची. त्या दिवशी दुचाकीवरून बघताना वेगळंच सुचलं. एक फाइल हवी होती, ती सापडेना म्हणून भल्या माणसाने अख्खा फोल्डर उचलला, आणि वाटेत त्यातला काही भाग गळला. अर्धवट कॉपीची एवढी मोठी खूण दुसऱ्या कुठल्या तालुक्यात नसेल. पण तिकडे लंकेत सुषेण वैद्य बसला होता. आलेल्या पर्वतात नेमकी ती वनस्पती आहे की नाही हे बघूनच त्याने पुढचं काम केलं. आमच्याकडे सुषेणाच्या जागी मी होतो, एवढाच काय तो फरक.

घरासमोर मांडव पडला होता. पडवीत पाटावर एका ताटलीत, रुमालावर, पेन ठेवला होता. त्याच्याभोवती दहाबारा माणसं बसली होती. नुसती उदबत्ती लावायची बाकी होती.

पेन देखणा होता. चकचकीत पोलादी अंग, त्यावर कोरलेलं ‘२ टीबी’. दादूसने, म्हणजे मामाच्या थोरल्या मुलाने, तो मुंबईत रस्त्यावर साडेचारशे रुपयांना घेतला होता.

“दोन टीबी?” मामीने विचारलं. “म्हनूनच आजारी परला.”

टीबी म्हणजे एक हजार जीबी, हे मी समजावून सांगितलं. साडेचारशे रुपयांत तेव्हा दुकानात जेमतेम चौसष्ट जीबीचा खरा पेन मिळायचा, आणि दादूसला त्याच्या तीसपट माल मिळाला होता. म्हणजे चार पापलेटांच्या भावात भरलेली बोट! पण कोळ्याच्या घरात ही शंका कुणालाही आली नव्हती. मला वाटतं, माणूस आपल्या धंद्यातली सगळी हुशारी धंद्यातच खर्च करतो आणि बाकीच्या दुनियेत मोकळ्या हाताने फिरतो. मामी बाजारात कल्ला उचलून आतला लालपणा बघितल्याशिवाय दुसरीच्या पाटीतली मांदेलीसुद्धा घेणार नाही. दादूस तर एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, टॅली क्लार्क. दिवसभर कंटेनरच्या दाराचं सील तपासणं, त्याचा नंबर कागदाशी ताडून बघणं हेच त्याचं काम. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर हा ट्रेलर अडवून ठेवतो. त्याच माणसाने रस्त्यावरच्या पोऱ्याला फक्त ‘ओरिजिनल है ना?’ एवढंच विचारलं होतं. तो ‘हां’ म्हणाला. विषय संपला.

मी येण्याआधी बरेच उपचार होऊन गेले होते. मामाने पेनाचं तोंड लुंगीने पुसलं होतं. शेजारच्या काकांनी फुंकर मारली होती. ते पूर्वी कॅसेटच्या काळात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांच्या फुंकरीला वजन होतं. कुणीतरी रात्रभर तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता. एका पोराने ‘फॉरमॅट मार’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा मामीने त्याच्या हातावर चापट मारली. तिला फॉरमॅट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ‘मार’ हा शब्द तिला हळदीच्या घरात नको होता. त्या चापटीने फार मोठं नुकसान वाचवलं, हे मला मागाहून कळलं.

डीजेवाला पोरगा येऊन त्याचं मत देऊन गेला होता. त्याचं म्हणणं, पेन ‘फॅट थर्टीटू’ नाही म्हणून त्याचं मशीन तो धरत नाही. यात तथ्य होतं. बऱ्याच डीजेंच्या मशिनींना ती जुनी पद्धतच समजते, आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. पण आमचा पेन मशीन धरत होतं, नावंही दाखवत होतं. रोग वेगळा होता.

लक्षणं मजेदार होती. पेनात साडेसहाशे गाणी, मग साखरपुड्याचं शूटिंग, असं सगळं भरलं होतं. काही गाणी ठणठणीत वाजायची. काही उघडायचीच नाहीत. आणि दोनतीन अशी होती की नाव एक आणि आत भलतंच. ‘नवरीचा डान्स’ नावाच्या गाण्यावर बोट ठेवलं की साखरपुड्यातल्या मिक्सरचा आवाज आल्यासारखी घरघर यायची आणि मग शांतता.

“आनि बयचं धवलं पन होतं त्यात,” दादूस हळूच म्हणाला.

पडवी गप्प झाली.

बय म्हणजे मामाची आत्या. सगळा पाडा तिला बय म्हणतो. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीला धवला लागतो. हळद लावताना, मांडवात, नवरा निघताना, प्रत्येक वेळचं गाणं वेगळं आणि त्यात त्या त्या घरातली नावं गुंफायची. हे कुठे लिहिलेलं नसतं. बयच्या वयाच्या बाया आता थोड्या उरल्या. म्हणून दादूसने तीन संध्याकाळ बयसमोर फोन धरून तिचे धवले टिपले होते. फार चांगलं काम केलं होतं. पुढचं मात्र त्याच्या तोंडूनच ऐकलं पाहिजे. फोन भरला होता ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी. ती उडवायला जीव होईना, कारण प्रत्येक चित्र कुणा ना कुणा नातेवाइकाने पाठवलेलं. म्हणून त्याने धवले फोनमधून ‘कट’ केले आणि पेनात ‘पेस्ट’ केले. कॉपी नाही, कट. आणि परवा गाणी वाजेनात तेव्हा, पेनाला भार झाला असेल असं वाटून, तो धवल्यांचा फोल्डर त्याने उडवला. का, तर धवले फोनमध्ये आहेतच असं त्या क्षणी त्याला वाटलं.

“पेन हलका करावा म्हंटला.”

मी काही बोललो नाही. बोटीत पाणी भरलं की माणसं आधी जाळी फेकतात, तशातला प्रकार.

संशय पेनावर होता, पण आधी घरचे तपासायचे, हा नियम. फाइल कॉपी होताना बिघडते ती प्रत्येक वेळी पेनामुळेच असं नाही. कंप्युटरच्या पुढच्या तोंडाचं यूएसबीचं भोक सैल असू शकतं. हिरवी पट्टी भरली की लगेच पेन ओढून काढणारे असतात. पट्टी भरली तरी कधी कधी माल अजून वाटेत असतो. आणि कधी लॅपटॉपची स्वतःची मेमरीच मधला एखादा ठिपका पालटते. मी उदाहरण दिलं. बेल्जियममध्ये स्खारबेक नावाच्या गावी २००३ साली मतदान झालं. मोजताना एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात; मशिनीतला एकच ठिपका शून्याचा एक झाला की नेमकी एवढीच भर पडते. अवकाशातून आलेल्या एखाद्या किरणाने तो ठिपका पालटला असावा असा अंदाज लोकांनी बांधला, सिद्ध कधीच झालं नाही.

“कंचा किरन?” मामाने विचारलं. “आपला? जेटीवरचा?”

करंजातल्या निवडणुकांविषयी मामाच्या मनात काय आहे ते यातून कळलं. मी विषय वाढवला नाही.

लॅपटॉप निर्दोष आहे हे दाखवायला मी एक गाणं लॅपटॉपमध्येच दुसऱ्या जागी कॉपी केलं आणि दोन्हींचा ‘हॅश’ काढला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमधलं सगळं एका गणितातून पिळून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढायची. आत एक स्वल्पविराम हलला तरी ओळ पार बदलते. दादूसला हे एका वाक्यात कळलं: “म्हंजे सील नंबर.” मग मी एका ओळीतली अक्षरं मोठ्याने वाचत गेलो आणि मामी दुसरीवर बोट ठेवून जुळवत गेली. “तीन… ए… सात… सात… एफ…” चाळीस अक्षरांच्या पुढे बायका जमल्या. त्यांना वाटलं हाऊजी चालू आहे. चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा मामीने टाळी वाजवली आणि एकीने विचारलंच, “फुल्ल हाऊस का?”

लॅपटॉप सुटला. आता तेच गाणं पेनात घातलं, पेन काढला, परत लावला, आणि परत वाचलं. ओळ जुळेना. पहिलं अक्षरसुद्धा नाही.

अशा खोट्या पेनाची कारागिरी खरं म्हणजे दाद देण्यासारखी असते. आत मेमरीची एक लहानशी चिप असते, आणि तिच्यासोबत तिचा कारभारी, ज्याला कंट्रोलर म्हणतात. कंप्युटर फक्त कारभाऱ्याशी बोलतो. ‘किती जागा आहे?’ असं विचारलं की कारभारी सांगेल तो आकडा खरा. त्या कारभाऱ्याला पढवून ठेवलं की ‘दोन टीबी’ म्हण, तर तो म्हणतो. करंजाच्या माणसाला पाटी आणि वस्तू यांच्यातलं अंतर नवं नसावं. समोर खाडीपलीकडे रेवस दिसतं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते ८२च्या दरम्यान, रेवस-करंजा पुलाची कल्पना निघाली. ती ऐकलेली पोरं आज नातवंडं कडेवर घेऊन, मोटारसायकल लॉन्चमध्ये चढवून पलीकडे जातात.

गंमत अशी की खरा माल उलट कमी दाखवतो. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कंप्युटर एक हजार चोविसाच्या. त्यामुळे खऱ्या दोन टीबीला कंप्युटर १.८१ म्हणतो, चौसष्ट जीबीला साधारण एकोणसाठ. आमच्या पेनने १.९५ दाखवले होते. तोलताना पारडं हवेत राहू नये म्हणून चोर थोडा माल वर टाकतो, तसं.

मग जागा संपल्यावर काय होतं? खरा पेन म्हणतो, जागा नाही. खोट्याला तसं म्हणता येत नाही, कारण त्याने दोन टीबी कबूल केलेले असतात. मग तो येईल ते घेत राहतो. काही पेन पुढचं सगळं सरळ खाडीत टाकतात. काही गुपचूप मागे येऊन आधीच लिहिलेल्यावर लिहायला लागतात. फाइलींच्या नावांची वही सुरुवातीलाच असते, ती हे शहाणे शाबूत ठेवतात. म्हणून नावं सगळी, आकारही बरोबर, हिरवी पट्टी शंभर टक्के, आणि आत कुणाच्या खोलीत कोण राहतंय याचा पत्ता नाही.

‘फ्लॅश’ हे नाव या मेमरीला मिळालं तेही सांगण्यासारखं आहे. जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाच्या इंजिनिअरने १९८०च्या दशकात ती शोधली. तिच्यातला मजकूर भागाभागाने एका झटक्यात पुसला जातो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून एका सहकाऱ्याने ‘फ्लॅश’ सुचवलं. लक्षात ठेवण्याच्या वस्तूचं नाव तिच्या विसरण्याच्या पद्धतीवरून पडलेलं! आणि आम्ही तिच्याकडे धवले ठेवायला दिले. त्याआधी निदान जागेचा मोह तरी नव्हता. २००० साली बाजारात आलेला आयबीएमचा पहिला पेन आठ एमबीचा होता. त्यात डीजेच्या दर्जाचं एक हळदीचं गाणंही मावलं नसतं, जास्तीत जास्त अंतरा.

संध्याकाळपर्यंत कामाला लागलो. जे वाचता येतं ते आधी बाहेर काढायचं, तपासण्या नंतर. कारण तपासणी म्हणजे पेनावर लिहिणं, आणि लिहिलं की उरलंसुरलंही जाणार. एवढं शहाणपण मला होतं. उडवलेले धवले परत काढता येतात का तेही बघितलं. फाइल उडवली म्हणजे फक्त वहीतलं नाव खोडलं जातं, माल काही काळ तिथेच पडून असतो, आणि तो शोधून काढणारी फोटोरेकसारखी फुकट सॉफ्टवेअरंही आहेत. पण त्याने पेनाच्या शब्दावर विश्वास ठेवून दोन टीबी चाळायला घेतले आणि ‘अजून ५१ तास’ असं सांगितलं. एक्कावन्न तासांनी नवरानवरी देवदर्शन उरकून घरी आलेली असणार होती. सोडून दिलं.

उरणहून पावतीसकट बत्तीस जीबीचा एक खरा पेन आणला. साडेसहाशे गाण्यांतली ज्यांची लांबीच दिसत नव्हती अशी दोनशेच्या वर बाजूला काढली. उरलेली नव्या पेनात भरली. आणि मग, मला इथे थोडा अभिमान वाटू द्या, प्रत्येक गाण्याचा हॅश जुन्याशी ताडून बघितला. सगळे जुळले. एकही सील तुटलेलं नाही. पहिली पाच गाणी पडवीत वाजवून दाखवली. मामाने पाठीवर थाप मारली. बय खांबाला टेकून बसली होती. तिने विचारलं, “सगली आयकलीस का रं?”

“बय, ऐकायची गरज नसते. नंबर जुळलेत.”

“म्हावरा घेताना नंबर बघतंस का कल्ला उचलतंस?”

मी हसलो. जुन्या लोकांना हे समजावणं अवघड असतं, असं मला वाटलं. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे.

रात्री जुन्या पेनाची रीतसर परीक्षा घेतली. एका जर्मन कंप्युटर मासिकाकडून आलेलं एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक साधंसं सॉफ्टवेअर आहे. ते पेनभर लिहितं आणि मग लिहिलेलं वाचून बघतं. बाकी काही करत नाही. दोन टीबी लिहायला त्या पेनाच्या चालीने दोनअडीच दिवस लागले असते, म्हणून चाळीस जीबीपुरतंच लावलं. पहाटे लाल अक्षरांत निकाल आला. खरी जागा, पंधरा जीबीच्या जरा आत. मामाने तो निकाल मोबाइलवर फोटो काढून ठेवला, रक्ताच्या रिपोर्टसारखा.

शनिवारची हळद. मांडवात माणूस मावेना. रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे आमच्याकडे हळदीच्या नाचाला साडेनऊनंतर जी धार चढते ती शेअर बाजारालाही शेवटच्या अर्ध्या तासात चढत नसेल. पावणेदहाला डीजेने हात वर केला. खास राखून ठेवलेलं गाणं, नावात तीनदा ‘रिमिक्स’. पोरांनी रिंगण मोकळं केलं. बटण दाबलं.

आणि आठ भोंग्यांतून बयचा आवाज आला.

मध्येच सुरू झाला होता, अर्ध्या ओळीपासून. कुठे ढोल नाही, बीट नाही. एक म्हातारा, किंचित फाटका, सावकाश आवाज, आणि मागे दादूसच्या घरातल्या पंख्याची घरघर. पोरांचे हात वर गेलेले तसेच राहिले. डीजेने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी पेनाकडे पाहिलं.

आता कळतं ते असं. धवले भरताना पेनाची जागा संपलेली होती, म्हणून तो मागे येऊन गाण्यांवर लिहायला लागला होता. बयचा आवाज पडला रिमिक्सच्या खोलीत. दादूसने धवल्यांची नावं उडवली, माल राहिला. दादूसच्या फोनातलं रेकॉर्डिंगही एमपीथ्रीच बनत होतं, आणि एमपीथ्री म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. प्लेअरला कुठूनही एक धड तुकडा सापडला की तो तिथून वाजवत सुटतो, वर नाव कुणाचं का असेना. मी जुन्या पेनातला रिमिक्स नव्या पेनात अगदी बिनचूक नेला होता. फक्त तो रिमिक्स नव्हता.

“सील बरोबर,” दादूस माझ्या कानाशी म्हणाला, “स्टफिंगच चुकीचा झालेला.”

बंद करा, असं कुणीतरी म्हणणार तेवढ्यात मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पुढची ओळ उचलली. त्यांना सांगावं लागलं नाही. भोंग्यातली बय एक ओळ म्हणायची, खुर्चीवरच्या चारपाच जणी ती परत म्हणायच्या. ओळीगणिक दोघींचा ताळा बसत होता. एका ठिकाणी मात्र बसेना. बायांनी एक नाव घेतलं, भोंग्याने दुसरं. सगळ्या थबकल्या आणि खऱ्या बयकडे बघू लागल्या. बय उठून उभी राहिली आणि भोंग्याकडे बोट करून स्वतःच्याच आवाजाला म्हणाली, “आगं, मोठा मामा आधी! धाकट्याचा नाव मागनं!”

भोंगा अर्थातच तसाच पुढे गेला. बयने मान हलवली, खाली बसली आणि ती ओळ बायांना नीट करून दिली. त्यांनी नीट म्हटली. नवऱ्याला हळद लावणारे हात मध्येच थांबले होते, ते परत चालू झाले. दहाला दोन मिनिटं असताना तुकडा संपला आणि त्याच फाइलीतून मूळ रिमिक्सची शेवटची वीस सेकंदं धाडकन बाहेर पडली. पोरं त्या वीस सेकंदांत जी नाचली तसं अख्ख्या गाण्यावर नाचली नसती.

वाचलेला धवला तेवढा एकच. बाकीचे मी शुक्रवारी रात्री जर्मन सॉफ्टवेअर लावून स्वतःच्या हाताने पुसले होते, हे मी अजून आजोळी कुणाला सांगितलेलं नाही.

लग्नानंतरच्या आठवड्यात परत करंजाला गेलो आणि बयचे धवले नव्याने टिपले. या वेळी तीन जागी ठेवले आणि तिन्ही बयला बसवून ऐकवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पावणेतीन तास, मध्ये दोनदा चहा. तिने पाच रद्द करायला लावले. दोनांत तिला खोकला आला होता, दोनांत नावं चुकली होती आणि एकात बाहेर कोंबडा आरवला होता. कोंबडा राहू दे, चांगला वाटतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तो धवला संध्याकाळचा आहे.

जुना पेन मामाने ठेवून घेतला. बोटीच्या इंजिनाच्या चावीला वजन नव्हतं, ती सारखी पाण्यात पडायची. आता त्या चावीला दोन टीबी लटकतात.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि मामाला वेळच वेळ झाला. एका रात्री दादूसचा फोन आला. पॉवर बँक घेतली होती, पन्नास हजारवाली, तीनशे रुपयांत. पण या वेळी शिकला होता. घरी आल्या आल्या स्क्रू काढून कल्ला उघडला होता.

“आत काय आहे?” मी विचारलं.

“येक बारकी बॅटरी. आनि वजनाला पिशवीत रेती.”

मागून मामाचा आवाज आला. “त्याला इचार, रेती कंची हाय? आपल्या खारीची नाय वाटत. लय बारीक हाय.”